हॉलिसचा खिळा

फोर्ट स्मिथ, आर्कन्सॉ
६ सप्टेंबर २००९

प्रिय व्हर्लन,

फोनच करणार होते. पण जन्मभर कानाशी बार उडवून तू कान घालवून बसलास. तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे सगळ्या आळीला ऐकवायचं, आणि बहिणीच्या घरात मला ते जमणार नाही. विल्माच्या भिंती पातळ आहेत आणि तिचे कान तुझ्यासारखे नाहीत. म्हणून पत्र.

हॉलिसला जाऊन जानेवारीत वर्ष होईल. त्याआधी नोव्हेंबर येईल, बदकांच्या शिकारीचा हंगाम उघडेल आणि कॅम्पात त्याच्या खिळ्याचा प्रश्न निघेल. तुमचा नियम मला पाठ आहे. सात गडी, भिंतीवर सात खिळे. एखादा गेला, की पुढच्या हंगामाच्या आदल्या संध्याकाळी त्याच्या रक्ताच्या माणसाने त्याची बंदूक त्याच्या खिळ्यावर अडकवायची. अडकवली, तर पाण्यातल्या रानातली त्याची जागा त्या माणसाची. नाही अडकवली, तर उरलेले सहा जण म्हणतील त्याची.

आमच्याकडे रक्ताचं माणूस आहे, बंदूक नाही. ती तू सांगितल्याप्रमाणे नदीच्या तळाशी आहे. हॉलिस कोसळला, होडी कलंडली, तेव्हा तू त्याला धरलंस, बंदुकीला नाही. त्याबद्दल मी तुला कधी बोल लावला नाही आणि लावणारही नाही.

पण ऑड्राला ती जागा हवी आहे. पोरगी दिवसभर भाताच्या गिरणीत वजनकाट्यावर उभी असते आणि रात्री फोनवर माझ्याशी दुसरं काही बोलत नाही. चार हिवाळे ती बापाशेजारी कमरेइतक्या पाण्यात उभी राहिली, पाहुणी म्हणून. तेव्हा दोन गोष्टी विचारते. तशाच बनावटीची दुसरी बंदूक आणली तर गडी मानतील का? आणि हॉलिसची होती तसली इटालियन नवीन घ्यायची तर सतराशे डॉलरला पडते. मी विल्माच्या मागच्या खोलीत राहते, यावरून काय ते समज. इथल्या दुकानदाराने एक तुर्की दाखवली. तीही एकदा भरली की पुढचं काडतूस आपोआप चढवणारी, साडेचारशेला. म्हणतो, काम तेच. तू दर महिन्याला मासिकात बंदुकांच्या कुंडल्या मांडतोस. हिची एवढी मांडून दे.

अर्डिथ

*

टपेलो बेंड
१४ सप्टेंबर

प्रिय अर्डिथ,

तुझं अक्षर पाकिटावर पाहिलं आणि भेंडीच्या लोणच्याची बरणी तशीच उघडी टाकून आधी पत्र वाचलं. बरणीत माशी पडली. तिची भरपाई तुझ्याकडून.

ती तुर्की सध्या माझ्याच घरात आहे. आयात करणाऱ्यांनी तपासायला धाडली आहे, नोव्हेंबरच्या अंकात तिच्यावर लिहायचं आहे. पाचेकशे काडतुसं उडवून पाहिली. पहिला डबा हलक्या काडतुसांचा होता, त्यातली चार-पाच घशात अडकली. मग जड काडतुसांचे काही डबे चारून तिला वळण लावलं. त्यानंतर एकदाही अडकली नाही. उडालेल्या बाराच्या धुराच्या जोरावर चालते, त्यामुळे खांद्याला धक्का कमी. पण त्याच धुराची काजळी आत बसते, दर दोन शिकारींनंतर उघडून पुसली पाहिजे. चाप जुन्या गोठ्याच्या कडीसारखा जड आहे. दस्ता प्लास्टिकचा. दिसायला म्हणशील, तर लग्नात कुणी तिच्याबरोबर फोटो काढून घेणार नाही.

इटालियन चालते ती धक्क्याच्याच जोरावर. आतून कोरडी राहते, वजनाला हलकी, खांद्यावर पाखरासारखी बसते आणि घोड्यासारखी लाथ मारते. तीन-चार पट पैसे कशाचे, तर लाकडाचे, नावाचे आणि दुसऱ्याने वळून बघण्याचे. सतराशे आणि साडेचारशे यांतला फरक बदकाला कळत नाही, अर्डिथ.

खिळ्याचं मात्र नको. ट्रुइटशी बोललो. तुला माहीत आहे, आमच्यातला तोच बोलतो आणि बाकीचे माना हलवतात. तो म्हणाला, नियम त्या बंदुकीचा आहे, तिच्यासारख्या बंदुकीचा नाही. पटलं नाही तरी खोटं नाही. पोरीला तुर्की घेऊन दे. आमच्या बांधापलीकडे सरकारी पाणथळ आहे. पहाटे जो आधी येईल त्याची जागा, तिथे कुणाच्या बापाचा खिळा लागत नाही.

तुझा लोणचंविरहित
व्हर्लन

*

फोर्ट स्मिथ
२२ सप्टेंबर

प्रिय व्हर्लन,

गडी मानणार नाहीत हे वाटलंच होतं. ट्रुइटने हॉलिसच्या अंत्यविधीला आणलेलं जेवणाचं भांडं तीनदा निरोप पाठवून परत नेलं, तो नियम सोडेल असं मी धरूनच चालले नव्हते.

ऑड्राला कळवलं. ती शांतपणे म्हणाली, "आई, बाबांचीच बंदूक मला कुठं हवी आहे? कुठलीही चालेल. मला जागा हवी आहे." मला हे बोलणं आवडलं नाही आणि मी तसं तिला सांगितलं. त्यावर तिने फोन ठेवला. माझ्या घरात माणसं अशीच भांडतात, आवाज न करता.

सरकारी पाण्यावर तर सरकारी पाण्यावर. पण एक अडचण आहे. ऑड्रा बापासारखी डावखुरी. तुला आठवत असेल, हॉलिसने त्याची इटालियन खास डावखुरी मागवली होती आणि ती येईपर्यंत सगळा उन्हाळा टपालाच्या गाडीकडे डोळे लावून बसला होता. तुर्की डावखुरी येतच नाही असं दुकानदार म्हणतो. उजवी बंदूक रिकामं काडतूस उजव्या बाजूने फेकते. डावखुऱ्याने ती खांद्याला लावली, तर ते त्याच्या तोंडासमोरून जातं. हॉलिस म्हणायचा, पहाटेच्या धूसर उजेडात तोंडासमोरून काही गेलं की डोळे मिटतात, आणि डोळे उघडेपर्यंत बदक निघून गेलेलं असतं. खरंच इतकं असतं का? तू उजवा, तुला कुठून कळणार म्हणा. तरी विचारते.

अर्डिथ

*

टपेलो बेंड
१ ऑक्टोबर

प्रिय अर्डिथ,

पंधरा वर्षं बंदुकांवर लिहिणाऱ्या माणसाला "तुला कुठून कळणार" असं लिहिणारी तू पहिलीच. वाचकाने लिहिलं असतं, तर पत्र छापून त्याची शोभा केली असती.

कळतं, बाई. मी ऐकीव लिहीत नाही, उडवून बघतो. गेल्या महिन्यात होल्यांच्या शिकारीला दोन सकाळी त्या इटालियननेच काढल्या. बार उडाला की दरवेळी रिकामं काडतूस माझ्या नाकासमोरून जायचं. पहिली दहा-बारा गेली तेव्हा डोळे मिटले, मान मागे गेली, शेजारचे हसलेसुद्धा. एक डबा संपला आणि मग मला ते दिसेनासंच झालं. डोळा शहाणा असतो, जे कामाचं नाही ते तो बघत नाही. मी साठी ओलांडलेला माणूस शिकलो, तर ऑड्राला काय लागतंय?

तेव्हा ते कारण बाद. तुर्की घे. नळी अठ्ठावीस इंची घे, सव्वीसची घेऊ नकोस. आणि दुकानदार सोबत तेलाची बाटली विकायला बघेल, ती घेऊ नकोस. थंडीत जास्त तेल घट्ट होतं आणि बंदूक आळसावते.

व्हर्लन

*

फोर्ट स्मिथ
१५ ऑक्टोबर

प्रिय व्हर्लन,

उत्तराला उशीर झाला. विल्माच्या नवऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. तो माणूस घरी आल्यापासून घंटी वाजवतो आणि आम्ही दोघी धावतो.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. बायकांना बंदुकीतलं काही कळत नाही असं हॉलिस म्हणायचा, म्हणून वेळ लागतो. आता एकच शेवटचं सरळ उत्तर दे, म्हणजे मी पैसे मोजायला मोकळी. तुझ्यासमोर दोन्ही बंदुका ठेवल्या, तुर्की आणि ती इटालियन, आणि एकच ने म्हटलं, तर तू कुठली नेशील? मासिकातल्यासारखं "हे एका अर्थी आणि ते दुसऱ्या अर्थी" नको. नाव घे आणि खाली सही कर. ऑड्राला दाखवायचं आहे. माझ्यावर तिचा विश्वास नाही, तुझ्यावर आहे.

अर्डिथ

*

टपेलो बेंड
२१ ऑक्टोबर

प्रिय अर्डिथ,

घे सरळ उत्तर. मी तुर्की नेईन. ओल्या रानात ओरखडा पडला तर जीव हळहळत नाही, पाण्यात पडली तर माणूस रडत नाही, आणि चालते तितकीच. इटालियन माझ्याकडे कुणी आणून दिली, तर तुर्कीच्या बदल्यात आनंदाने देऊन टाकीन. ऑड्राला हे दाखव आणि माझा आशीर्वाद सांग.

सहीनिशी,
व्हर्लन डॉकरी

*

फोर्ट स्मिथ
४ नोव्हेंबर

व्हर्लन,

तुर्की घेतली. अठ्ठावीस इंची, तेलाच्या बाटलीशिवाय. ऑड्राने सुट्टीच्या दिवशी नेऊन जड काडतुसांचे डबे चारले. तू सांगितलं होतंस तसंच झालं, आधी अडकली, मग नाही.

आता अदलाबदलीचं बोलू.

तू उजवा आहेस. उजव्या माणसाच्या नाकासमोरून रिकामं काडतूस कधी जातं? बंदूक डावखुरी असली तर. या नदीकाठी डावखुरी इटालियन एकच होती. ती जानेवारीत बुडाली, आणि सप्टेंबरात तू तिने होले मारलेस. तुला कळलंसुद्धा नाही की तू काय लिहिलंस. मी फक्त म्हटलं होतं, तुला कुठून कळणार. एवढंच तुला सोसलं नाही.

ते लक्षात आल्यावर मी तीन दिवस विल्माच्या नवऱ्याच्या घंटीला उठले नाही.

आज तुझं मासिक आलं. विल्माकडे ते घेत नाहीत, मी मुद्दाम मागवलं. तिथे तू तुर्कीबद्दल लिहिलंस, "ज्याला याहून चांगली परवडत नाही, त्याची सोय होईल." आणि इटालियनबद्दल, "एकदा खांद्याला लागली की माणूस दुसरीला हात लावत नाही." मला तू एक लिहिलंस, लोकांना दुसरं. तुझ्याकडे दोन तराजू आहेत, आणि मला कुठल्या तराजूत टाकलंस ते कळलं.

वीस तारखेला, हंगामाच्या आदल्या संध्याकाळी, ऑड्रा कॅम्पात येईल. तिच्या हातात तुर्की असेल. तुझी सही माझ्याकडे आहे. ती तुला तुर्की देईल आणि तू तिला तिच्या बापाची बंदूक देशील, सगळ्यांच्या देखत. तुझाच शब्द आहे, आनंदाने.

तसं नको असेल, तर त्याआधी काय करायचं ते तुझं तू बघ.

अर्डिथ टॅकेट

*

टपेलो बेंड
१० नोव्हेंबर

अर्डिथ,

बंदूक ओडेलच्या चाऱ्याच्या दुकानात पेटीत ठेवून आलो आहे. ओडेलला वाटतं आत पडद्याचे दांडे आहेत. ऑड्राने गिरणीवरून येताना उचलावी. गड्यांना मी सांगितलं, उन्हाळ्यात पाणी उतरलं तेव्हा ती झाडाच्या मुळांत सापडली, दुरुस्तीला टाकली होती. त्यांना ते खरं वाटलं. तू तेवढं खोटं पाडू नकोस.

आता तू मला चोर म्हणशील. म्हण. पण चोराचंही ऐकून घे. मला हे लिहायचं नव्हतं. म्हणून तर वर्षभर नदीचं नाव पुढे केलं.

गेल्या हंगामात, नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सुमारास, कॅम्पच्या ओसरीत आम्ही दोघंच बसलो होतो. ऑड्रा आतल्या खोलीत झोपली होती. हॉलिस म्हणाला, "व्हर्लन, पोरीला माझ्याच्याने नाही म्हणवत. पण माझ्यामागे तिने खिळ्यावर हात टाकू नये. बाई आली की कॅम्प कॅम्प राहत नाही. तू बघ." मी हसण्यावारी नेलं. जानेवारीत त्या सकाळी होडीत, कॉफी ओतता ओतता, तो पुन्हा तेच म्हणाला. "बघशील ना?" मी हो म्हटलं. त्यानंतर थोड्याच वेळाने तो छातीवर हात घेऊन वाकला. होडी कलंडली हे खरं. बंदूक बुडाली नाही. ती झाडाच्या बेचक्यात टांगलेली होती, कोरडी.

तुझ्या दारात मी तो गेल्याचा निरोप घेऊन आलो, तेव्हा ऑड्राने पहिला प्रश्न विचारला तो बंदुकीचा नाही, "बाबा काही म्हणाले का?" असा विचारला. काय सांगू? म्हटलं, बंदूक नदीत गेली. त्या एका वाक्यात सगळे प्रश्न बुडाले असं मला वाटलं.

मी त्याचा शब्द पाळला. कसा पाळला ते बरोबर नसेल. पाळला एवढं खरं.

व्हर्लन

*

फोर्ट स्मिथ
१५ नोव्हेंबर

व्हर्लन,

ऑड्रा पेटी घेऊन काल इथे आली. स्वयंपाकघरात तिने ती खांद्याला लावली आणि दस्ता तिला आखूड पडला. मग तिने तो उलटा करून बघितला. इंचभर कापलेला आहे, कापावर नवी रबरी टाच बसवलेली आहे. हॉलिसचे हात लांब होते, ऑड्राचेही तसेच आहेत. तुझे आखूड आहेत. तिने बंदूक पेटीत ठेवली आणि मक्याच्या पावाचा तुकडा खाल्ला.

शब्द पाळायला दस्ता कापावा लागत नाही, व्हर्लन. हॉलिसने तुला ती लपवायला सांगितली असेल. स्वतःच्या मापाची करायला सांगितली नसेल.

पण ओसरीतलं ते बोलणं. तुझं पत्र हातात धरून मी खूप वेळ ठरवायचा प्रयत्न केला, की हे तू आता रचलं आहेस. जमलं नाही. ते त्याच्यासारखंच आहे. तीस वर्षांच्या संसारात मी त्या कॅम्पात एकदा गेले, तेही झाडून काढायला, आणि तो म्हणाला होता, बरं झालं बाकीचे यायच्या आत आटपलंस. वर्षभरात तू मला जे जे सांगितलंस त्यातली ही एकच गोष्ट मला खरी वाटते, आणि हीच खोटी निघाली असती तर मी तुला बाकी सगळं माफ केलं असतं.

ते पत्र मी ऑड्रा दारात यायच्या आत चुलीत घातलं. म्हणजे आता मीही लपवणारी झाले. तुझ्यात आणि माझ्यात फरक एवढाच, की मी काही कापलं नाही.

तेव्हा नीट ऐक. वीस तारखेला ऑड्रा ती बंदूक घेऊन येईल आणि खिळ्यावर अडकवेल. आखूड तर आखूड, नियम बंदुकीचा आहे, मापाचा नाही. तू तिथे असशील. तू गप्प बसशील. तिने विचारलं, बाबा शेवटी काय म्हणाले, तर तू सांगशील की ते बदकांबद्दल बोलत होते. खोटं बोलायचा तुला सराव आहे. एकदा माझ्यासाठी बोल.

अर्डिथ

*

टपेलो बेंड
२३ नोव्हेंबर

अर्डिथ,

ऑड्रा तुला सगळं सांगेलच, किंवा तुमच्या घरच्या रीतीने सांगणार नाही. म्हणून मी लिहितो. जे झालं ते झालं तसं.

ती अंधार पडता पडता आली. आम्ही सहाही जण होतो, चुलीवर बदकांचा रस्सा रटरटत होता. तिने दोन पेट्या आणल्या होत्या. ट्रुइटने तिला 'मिस ऑड्रा' म्हणून खुर्ची दिली. ओडेलने पडद्याच्या दांड्यांवरून माझी थोडी चेष्टा केली. हॉलिसची बंदूक सापडली हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे सगळे मनाची तयारी करून आणि टोप्या काढून बसले होते. कुणाला आवडत नव्हतं, पण नियम होता. तिने फक्त ती अडकवायची होती.

तिने पहिली पेटी उघडली. हॉलिसची बंदूक काढली आणि टेबलावर, माझ्या ताटलीशेजारी ठेवली. मग दुसरी उघडली. तुर्की काढली आणि हॉलिसच्या खिळ्यावर अडकवली.

मीच म्हटलं, अगं, चुकून दुसरी अडकवलीस. ती म्हणाली, चुकून नाही. मग तिने मला विचारलं, बाबा होडीत काय म्हणाले. तुझी आज्ञा होती. मी सांगितलं, बदकांबद्दल बोलत होते, त्या वर्षी हिरव्या डोक्याची बदकं उशिरा उतरली, असं काहीतरी.

ती माझ्याजवळ आली, माझ्या बऱ्या कानाशी, तरी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. "अंकल व्हर्लन, त्या थँक्सगिव्हिंगला मी आतल्या खोलीत जागी होते. तुम्हाला ऐकू यावं म्हणून बाबांना मोठ्याने बोलावं लागायचं."

ट्रुइट काय ते विचारायला लागला. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. म्हणाली, "त्यांना मी नको होते. मग त्यांच्या खिळ्यावर त्यांची बंदूक मी कशाला अडकवू? ही माझी आहे. हिच्यावर घ्यायचं असेल तर घ्या." तिचा आवाज चढला नव्हता. रश्श्याबद्दल बोलावं तशी बोलत होती.

ट्रुइटने माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच. मी सर्वांत जुना. मी हो म्हटलं असतं, तर त्यांनी कुरकुर करत मान्य केलं असतं. त्यांना तेवढंच निमित्त हवं होतं. मला ते त्या क्षणीसुद्धा कळत होतं. मी म्हटलं, नियम हॉलिसच्या बंदुकीचा आहे.

ती "ठीक आहे" म्हणाली. तुर्की काढून पेटीत ठेवली. ट्रुइटने वाडगाभर रस्सा घेऊन जा म्हटलं, तो तिने घेतला, उभ्याने संपवला, वाडगा धुऊन ठेवला आणि गेली. हॉलिसची बंदूक टेबलावरच राहिली. कुणी तिला हात लावेना, शेवटी मीच घरी आणली. ती कुठे ठेवायची ते कळव. मला ती खांद्याला लावायची नाही, यावर तू विश्वास ठेवायचं कारण नाही.

माझं पत्र तिच्यापासून लपवायला चुलीत घातलंस, ते फुकट गेलं. तिला ते तुझ्या आधीपासून, माझ्याबरोबरच ठाऊक होतं. बंदूक बुडाल्याचं मी सांगितलं तेव्हा तिने सुटकेसारखा श्वास सोडला होता. मी तो दुःखाचा समजलो.

पहाटे आम्ही पाण्यात उतरलो. हॉलिसची जागा रिकामी, तिच्या समोरचं पाणी आरशासारखं. उजेड झाला तरी आमच्यावर काही उतरलं नाही. बदकं वरून जात होती, बांध ओलांडून, सरकारी पाणथळीकडे. मग ओडेलने माझ्या बाहीला धरून हलवलं आणि तिकडे बोट दाखवलं. म्हणाला, तीन बार झाले, एकामागून एक, न अडखळता. थोड्या वेळाने आणखी तीन. ट्रुइट म्हणाला, ती तुर्कीच असणार, आवाज भरड आहे. सगळे मान वळवून ऐकत उभे होते.

मीही मान वळवली. मला काही ऐकू आलं नाही.

व्हर्लन